जमिनीखालून सरकलेला गॅस कुणाचा? रिलायन्स-ओएनजीसी वादामागचं भूगर्भशास्त्र

मार्च २०२५च्या सुरुवातीला केंद्र सरकारने रिलायन्स इंडस्ट्रीज आणि तिच्या भागीदार कंपन्यांकडे २.८१ अब्ज डॉलर्सची, म्हणजे सुमारे २४,५०० कोटी रुपयांची मागणी केली. आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यापलीकडे, समुद्रतळाच्या खाली असलेला नैसर्गिक वायू ओएनजीसीच्या हद्दीतून रिलायन्सच्या हद्दीत 'सरकला' आणि रिलायन्सने तो काढून विकला, असं सरकारचं म्हणणं आहे. रिलायन्सला हा दावा मान्य नाही. कंपनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

वाद नवा नाही. ओएनजीसीने २०१३मध्ये पहिल्यांदा शंका उपस्थित केली होती. तेव्हापासून हे प्रकरण दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे. न्यायमूर्ती ए. पी. शाह समितीने सरकारची बाजू उचलून धरली. आंतरराष्ट्रीय लवादाने रिलायन्सच्या बाजूने कौल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी लवादाचा निवाडा कायम ठेवला, तर त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो रद्द केला. कागदपत्रं तीच, करार तोच, गॅसही तोच.

सोशल मीडियावर मात्र या प्रकरणाच्या दोनच आवृत्त्या फिरतात. एक म्हणते, रिलायन्सने तिरकी पाइपलाइन घालून सरकारी कंपनीचा गॅस चोरला. दुसरी म्हणते, गॅस आपल्या पायाने चालत आला, त्यात कंपनीचा काय दोष? जमिनीखाली प्रत्यक्षात काय घडतं हे पाहिलं, तर दोन्ही आवृत्त्या लंगड्या ठरतात.

खाली तळं नसतं

तेल किंवा गॅसचा 'साठा' म्हटलं की डोळ्यांसमोर जमिनीखालची मोठी टाकी येते, किंवा काळ्या तेलाने भरलेलं तळं. असं काही नसतं. तेल आणि गॅस असतात ते खडकाच्या आत, वाळूच्या कणांमधल्या फटींमध्ये.

घराचं बांधकाम चालू असताना विटा पाण्यात भिजत टाकलेल्या बहुतेकांनी पाहिल्या असतील. वीट घट्ट दिसते, पण पाण्यात टाकताच तिच्यातून बुडबुडे निघू लागतात आणि ती पाणी पिते. चांगल्या वाळूच्या खडकाचं तसंच आहे. त्याच्या आकारमानाचा २० ते ३० टक्के भाग मोकळ्या छिद्रांचा असू शकतो. ही छिद्रं एकमेकांना जोडलेली असतील, तर त्यांतून पाणी, तेल आणि गॅस वाहू शकतात. जोडलेली नसतील, तर खडक कितीही भरलेला असला तरी त्यातून काही बाहेर येत नाही.

त्याउलट चिकणमातीचा दबून झालेला खडक, ज्याला शेल म्हणतात, त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यातून काही पलीकडे जाणं फार अवघड. गाळाच्या खोऱ्यात हे दोन प्रकारचे थर एकमेकांवर रचलेले असतात. नदीने कधी वाळू आणली, कधी बारीक माती, त्याप्रमाणे थर बदलत गेले. तेल आणि गॅसची सगळी हालचाल या थरांच्या रचनेवर ठरते.

बनतं एकीकडे, सापडतं दुसरीकडे

समुद्रातलं शेवाळ, सूक्ष्म जीव, नदीने वाहून आणलेला पालापाचोळा हे सगळं बारीक गाळात गाडलं जातं. वर नवा गाळ साचत राहतो आणि जुना खाली जातो. खाली गेला की तापतो. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात या जैविक पदार्थाचं तेल होतं आणि त्याहून जास्त तापमानाला मुख्यतः गॅस. हे लाखो-कोट्यवधी वर्षांचं काम आहे.

घन पदार्थाचं द्रव आणि वायूत रूपांतर झालं की त्याला जास्त जागा लागते. शेलमध्ये तर जागाच नसते. दाब वाढत जातो, खडकाला केसासारख्या भेगा पडतात आणि त्यातून तेल बाहेर ढकललं जातं. स्थलांतराचा हा पहिला टप्पा. यात बरंचसं तेल मागेच राहतं. अमेरिकेने गेल्या दोन दशकांत 'शेल ऑइल' म्हणून जे काढलं, ते हेच मागे राहिलेलं तेल.

बाहेर पडलेलं तेल वाळूच्या थरात येतं तेव्हा तिथली छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, गॅस त्याहून हलका. त्यामुळे दोन्ही वर जाऊ पाहतात. वाटेत अडथळा असतो तो छिद्रांच्या अरुंद तोंडांचा. पाण्याने भिजलेल्या कणांच्या मधून तेलाचा थेंब पुढे सरकायचा तर त्याला स्वतःला चेपून घ्यावं लागतं. एकटा थेंब अडकतो. मागून आणखी थेंब येऊन मिळतात, तेलाची सलग पट्टी तयार होते, तिचा वर जाण्याचा जोर अडथळ्यापेक्षा जास्त झाला की ती पुढे सरकते. वर शेलचं झाकण असेल तर ती त्या झाकणाच्या खालून, थराच्या चढाने तिरकी सरकत राहते. कधी काही किलोमीटर, कधी शंभराच्या वर.

हा प्रवास दोनच ठिकाणी थांबतो. एक तर वाटेत खडकाचा उलटा वाडगा किंवा बंद झालेली वाट लागते आणि तेल तिथे अडकतं. नाही तर ते पृष्ठभागापर्यंत येऊन हवेत निसटतं. हिमाचलमधल्या ज्वालामुखी मंदिरातली ज्योत हा अशाच निसटणाऱ्या नैसर्गिक वायूचा नमुना आहे. ओएनजीसीने आपल्या सुरुवातीच्या काळात, १९५०च्या दशकात, याच परिसरात विहीर खोदली ती उगाच नाही. पृथ्वीच्या पोटात तयार झालेल्या तेल-गॅसपैकी मोठा हिस्सा असा निसटून गेलेला आहे. माणसाला सापडतो तो अडकलेला भाग.

महाराष्ट्राच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजावरून ओएनजीसीला तिथे तेल लागलं आणि १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथलं मुख्य तेल आहे चुनखडीच्या थरात. पण ते त्या चुनखडीत तयार झालेलं नाही. भूगर्भशास्त्रज्ञ त्याचं मूळ आजूबाजूच्या खोलगट भागातल्या, त्याहून कितीतरी जुन्या 'पन्ना' या शेलच्या थरात मानतात. मुंबई हायचा भाग भोवतालच्या तळापेक्षा उंच. खोलगटात तयार झालेलं तेल चढाने त्या उंचवट्याकडे आलं आणि झाकणाखाली अडकलं. म्हणजे तेल मुळात सरकतंच. ते सरकलं नसतं तर मुंबई हाय झालंच नसतं.

नाशिकच्या मातीपासून डी६पर्यंत

आता वादाच्या जागी, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात येऊ. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला. सह्याद्रीचा आणि दख्खनचा गाळ घेऊन दोन्ही नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात. हा गाळ किनाऱ्याशी थांबत नाही. समुद्राच्या उतारावरून तो अधूनमधून घसरत खोल पाण्यात जातो आणि तिथे नद्यांसारख्याच वळणावळणाच्या नाळा तयार करतो. या नाळांमध्ये वाळू भरते, आजूबाजूला बारीक माती. पुढे सगळं गाडलं गेलं की शेलच्या मधोमध वाळूचे नागमोडी पट्टे शिल्लक राहतात.

रिलायन्सच्या डी६ ब्लॉकमधली धीरूभाई-१ आणि धीरूभाई-३ ही क्षेत्रं अशाच पट्ट्यांची आहेत. २००२मध्ये त्यांचा शोध लागला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती. इथला गॅस जवळजवळ शुद्ध मिथेन आहे. तो खोल तापलेल्या थरांतून आलेला नसून मुख्यतः कमी खोलीवरच्या गाळात जीवाणूंनी बनवलेला मानला जातो. पण त्यालाही आसपासच्या गाळातून वाळूच्या पट्ट्यात येऊनच साचावं लागलं.

नागमोडी पट्ट्यांवर सरकारने कागदावर रेघा मारल्या. १९९९च्या नव्या परवाना धोरणात समुद्राचे ब्लॉक पाडले गेले ते अक्षांश-रेखांशांनुसार. केजी-डीडब्ल्यूएन-९८/३, म्हणजेच डी६, हा ७,६४५ चौरस किलोमीटरचा ब्लॉक रिलायन्सच्या गटाला मिळाला आणि एप्रिल २००० मध्ये करार झाला. त्याला लागून असलेला ९८/२ आधी केर्नकडे होता. २००५मध्ये त्यातला मोठा हिस्सा ओएनजीसीने घेतला. शेजारचा गोदावरी हा खाणपट्टाही ओएनजीसीकडेच. रेघा सरळ होत्या, वाळूचे पट्टे वाकडे. काही पट्टे रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले निघाले.

मग गॅस सरकला कधी?

सगळ्या वादाची किल्ली याच प्रश्नात आहे आणि नेमका तोच चर्चेत हरवतो.

सापळ्यात अडकलेला गॅस एकदा स्थिरावला की हलत नाही. पट्ट्याच्या या टोकाला आणि त्या टोकाला दाबाचा समतोल असतो. वर झाकण, खाली पाणी. दोन ब्लॉकमधल्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे हा गॅस मोठ्या काळापासून तसाच पडून होता. नैसर्गिक स्थलांतर संपलेलं होतं.

हा समतोल मोडतो विहिरीने. विहिरीतून गॅस बाहेर येऊ लागला की तिच्या भोवतीचा दाब उतरतो. लांबचा गॅस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहू लागतो. खडक जितका मोकळा आणि दाबातला फरक जितका मोठा, तितका प्रवाह जास्त. फ्रेंच अभियंता आँरी दार्सी याने १८५६मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्यासाठी मांडलेला हा नियम आजही प्रत्येक तेल कंपनी वापरते. गॅस तेलापेक्षा फार पातळ, म्हणून तो वाळूतून सहज पळतो. निसर्गाच्या जोरावर ज्या हालचालीला लाखो वर्षं लागली असती, ती विहिरीच्या जोरावर काही वर्षांत होते.

ग्रामीण महाराष्ट्राला हे वेगळं समजवायची गरज नाही. शेजाऱ्याने बांधाजवळ जास्त खोल बोअर मारली आणि आपली विहीर आटली, हा अनुभव गावोगाव आहे. शेजाऱ्याने आपल्या शेतात पाइप घातलेला नसतो. पाणी 'आपणहून' त्याच्याकडे गेलेलं नसतं. त्याच्या पंपाने दाब उतरवला म्हणून ते गेलेलं असतं.

त्यामुळे 'तिरकी पाइपलाइन' ही कल्पना अनावश्यक आहे. रेघेच्या आतच, पूर्णपणे स्वतःच्या हद्दीत खोदलेली विहीर पलीकडचा गॅस ओढू शकते. आणि 'गॅस आपणहून आला' हेही अर्धसत्य आहे. एप्रिल २००९मध्ये उत्पादन सुरू झालं नसतं तर तो आला नसता. डी६चं एकूण उत्पादन २०१०मध्ये दिवसाला ६० दशलक्ष घनमीटरच्या वर गेलं होतं. एवढा गॅस निघत असताना दाब उतरणं स्वाभाविकच होतं.

सिद्ध कसं करायचं?

ओएनजीसीने मे २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. रिलायन्सने सीमेपासून ५० ते ३५० मीटर अंतरावर चार विहिरी खोदल्या, असा त्यातला एक आरोप होता. रिलायन्सने आरोप फेटाळले. मग दोन्ही कंपन्यांनी मिळून अमेरिकेतल्या डॅलसची डीगॉलियर अँड मॅकनॉटन ही सल्लागार कंपनी नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०१५मध्ये आला.

अशा तपासात पुरावे तीन-चार दिशांनी गोळा करतात. भूकंपलहरींच्या साहाय्याने काढलेल्या चित्रांतून वाळूचा पट्टा सीमेच्या दोन्ही बाजूंना सलग आहे का ते पाहतात. दोन्हीकडच्या गॅसची रासायनिक ठेवण जुळते का ते तपासतात. सर्वांत बोलका पुरावा असतो दाबाचा. ज्या विहिरीतून कधीच उत्पादन झालेलं नाही, तिथला दाब मूळ दाबापेक्षा उतरलेला आढळला, तर दुसरीकडून कुणीतरी उपसत आहे हे उघड होतं. शेवटी ही सगळी माहिती संगणकावरच्या प्रतिकृतीत घालून हिशोब लावतात.

सल्लागारांचा निष्कर्ष असा होता: साठे जोडलेले आहेत. एप्रिल २००९ ते मार्च २०१५ या काळात ओएनजीसीच्या बाजूने ११.१२२ अब्ज घनमीटर गॅस डी६मध्ये सरकला आणि त्यातला ८.९८१ अब्ज घनमीटर रिलायन्सने काढला. भारत वर्षाला ७० अब्ज घनमीटरच्या आसपास नैसर्गिक वायू वापरतो. म्हणजे सरकलेला गॅस देशाच्या साधारण दोन महिन्यांच्या वापराइतका.

दशांश चिन्हापुढचे तीन आकडे पाहून हे मीटरवर वाचलेलं मोजमाप वाटतं. तसं ते नाही. सीमेखाली मीटर बसवता येत नाही. हा प्रतिकृतीतून आलेला अंदाज आहे आणि खडकाबद्दलची गृहीतकं बदलली तर तो थोडाफार बदलेल. गॅस सरकला की नाही, याबद्दल मात्र त्या अहवालात संदिग्धता नाही. पुढची सगळी लढाई त्याचा कायदेशीर अर्थ काय, यावर झाली.

'ज्याने पकडलं त्याचं'

शेजाऱ्याच्या बोअरने आपली विहीर आटली तर भारतीय कायदा फारशी मदत करत नाही. १८८२चा सुविधाधिकार कायदा जमिनीच्या मालकाला, ठरलेल्या प्रवाहात न वाहणारं भूजल आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क देतो. नंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी भूजलावर नियंत्रणाचे कायदे केले, पण मूळ विचार तो होता.

अमेरिकेत तेलालाही हाच न्याय लागला. १८८९मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि गॅसची तुलना रानटी जनावरांशी केली. हरीण तुमच्या रानातून शेजाऱ्याच्या रानात गेलं आणि त्याने पकडलं, तर ते त्याचं. परिणाम व्हायचा तोच झाला. शेजाऱ्याच्या आधी उपसायचं म्हणून टेक्सासमध्ये विहिरींचे मनोरे एकमेकांना खेटून उभे राहिले, दाब वाया गेला, बरंच तेल कायमचं खडकात अडकलं. १९३१मध्ये पूर्व टेक्सासमधली ही बेबंद शर्यत थांबवायला गव्हर्नरला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले.

भारतात समुद्राखालचा गॅस हरणासारखा बेवारस नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७नुसार समुद्रातली खनिजं केंद्राच्या मालकीची आहेत. अंबानी बंधूंमधल्या गॅसच्या वादात मे २०१०मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही गॅसवरची सरकारची, म्हणजे जनतेच्या वतीने असलेली, मालकी अधोरेखित केली होती. शाह समितीने ऑगस्ट २०१६च्या अहवालात हाच धागा पकडला. करार रिलायन्सला फक्त आपल्या ब्लॉकमधला गॅस काढायला देतो, बाहेरून आलेला गॅस विकून झालेला फायदा अनुचित आहे आणि तो सरकारला परत करायला हवा, असं तिचं म्हणणं. त्यावरून सरकारने नोव्हेंबर २०१६मध्ये सुमारे १.५५ अब्ज डॉलर्सची मागणी केली.

रिलायन्स लवादाकडे गेली. सिंगापूरचे लॉरेन्स बू अध्यक्ष असलेल्या तीन सदस्यांच्या लवादाने जुलै २०१८मध्ये दोन विरुद्ध एक मताने सरकारची मागणी फेटाळली. तिसरे सदस्य, निवृत्त न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी, असहमत होते. बहुमताचा युक्तिवाद साधा होता आणि तो टाकाऊ म्हणता येणार नाही. विहीर कराराच्या हद्दीत आहे ना, मग त्या विहिरीतून येणारा गॅस मुळात कुठून आला याला करारात मनाई नाही. कंपनीने हजारो कोटी गुंतवले ते कराराच्या भरवशावर. कराराच्या मजकुरात नसलेली अट नंतर घालता येत नाही.

मे २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी या निवाड्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. १४ फेब्रुवारी २०२५ला न्या. रेखा पल्ली आणि न्या. सौरभ बॅनर्जी यांच्या खंडपीठाने मात्र तो प्रस्थापित कायद्याच्या विरोधात असल्याचं सांगत रद्द केला. त्यानंतरच सरकारने व्याजासह वाढलेली २.८१ अब्ज डॉलर्सची मागणी पुढे केली.

खरं म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. लवादाने विचारलं, करारात मनाई आहे का? समितीने विचारलं, मालक कोण? मालकी राष्ट्राची असेल, तर करारातलं मौन कंत्राटदाराच्या बाजूने वाचणं अवघड जातं. पण मग त्याच मालकाने, म्हणजे सरकारने, शेजारी-शेजारी दोन ब्लॉक देताना मधल्या रेघेचं काय करायचं याची काळजी घेतली होती का, हाही प्रश्न उरतो.

रेघेवरचे साठे इतरत्र कसे हाताळतात?

उपाय नवा नाही. साठा दोन हद्दींत पसरलेला असेल, तर तो एकच समजून एकत्र विकसित करायचा आणि वाटा ठरवून घ्यायचा. उत्तर समुद्रातलं फ्रिग हे गॅसक्षेत्र ब्रिटन आणि नॉर्वेच्या सीमेवर निघालं. दोन्ही देशांनी १९७६मध्ये करार केला: ६०.८२ टक्के नॉर्वेचे, ३९.१८ टक्के ब्रिटनचे. गॅस कुणाच्या बाजूच्या विहिरीतून निघाला याला महत्त्व उरलं नाही.

असा करार नसला की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. जुलै १९९०मध्ये इराकने कुवेतवर आरोप केला की त्याने सीमेवरच्या रुमैला क्षेत्रातून २.४ अब्ज डॉलर्सचं तेल पळवलं. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. युद्धाची कारणं अनेक होती, पण तेलाची तक्रार त्यात जाहीरपणे मांडलेली होती. जगातलं सर्वांत मोठं गॅसक्षेत्र कतार आणि इराणमध्ये विभागलेलं आहे. तिथे कतारने आधी आणि वेगाने उपसा केला, तर निर्बंधांत अडकलेला इराण मागे राहिला.

कृष्णा-गोदावरीत तर परदेशाचा प्रश्नही नव्हता. दोन्ही बाजूंचा मालक एकच, केंद्र सरकार. दोन्ही बाजूंवर देखरेख ठेवणारी संस्थाही एकच, हायड्रोकार्बन महासंचालनालय. एकत्रित विकासाची तरतूद या करारांमध्ये होती. ती वापरायची तर साठा सलग आहे हे आधी कळायला हवं. सरकारचं म्हणणं आहे की साठे जोडलेले असल्याची कल्पना रिलायन्सला २००३च्या एका तांत्रिक अहवालातूनच होती आणि तिने ती दडवली. सर्वोच्च न्यायालयातल्या लढाईत या मुद्द्याला मोठं वजन असणार.

ओएनजीसीची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. दाब उतरतो तो उपसणाऱ्याकडे. एकाच पट्ट्यावर एक शेजारी २००९पासून उपसतो आणि दुसऱ्याच्या विहिरींतून काहीच निघत नाही, तर गॅस कुठे जाणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ९८/२ ब्लॉकमधून ओएनजीसीने पहिलं तेल काढलं ते थेट जानेवारी २०२४मध्ये. सीमेलगतच्या क्षेत्रांत तिने वेळेत उत्पादन सुरू केलं असतं, तर सगळा गॅस एका बाजूला वाहिला नसता.

मार्च २०२५मध्ये, म्हणजे सरकारची मागणी निघाली त्याच महिन्यात, संसदेने तेलक्षेत्र नियमन कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. खाणपट्टे एकत्र करणं आणि उत्पादनाच्या सुविधा वाटून वापरणं याबाबत नियम करण्याचा अधिकार त्यातून केंद्राला मिळाला. डी६मध्ये रिलायन्स आणि बीपीची नवी क्षेत्रं २०२० ते २०२३ या काळात सुरू झाली आहेत आणि पलीकडे ओएनजीसीचं कामही चालू आहे. त्यामुळे ही तरतूद केवळ कागदापुरती नाही.

ज्या दोन क्षेत्रांवरून हा वाद पेटला, ती धीरूभाई-१ आणि ३, फेब्रुवारी २०२०मध्येच बंद झाली. पाणी आणि वाळू विहिरींत शिरत गेली आणि दाब उतरून उत्पादन संपलं. तिथला गॅस केव्हाच जळून गेला. उरला आहे तो हिशोब. आणि तो सरकारच्या बाजूने लागला तरी पैसे सरकारी तिजोरीत जातील. गॅसचा मालक सरकार असल्याने ओएनजीसीचा भरपाईवर हक्क नाही, असं शाह समितीने २०१६मध्येच सांगून ठेवलं आहे.